आठवीला सगळंच एकदम बदलू नका

प्रश्न: मी सोलापुरात अशोक चौकाजवळ राहते. मिस्टर पॉवरलूमवर आहेत, मी घरी विड्या वळते. आम्ही घरात तेलुगू बोलतो. मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत सातवीला आहे, शाळा सातवीपर्यंतच आहे. गणितात चांगली आहे, पण चारचौघांत तोंड उघडत नाही. दीर म्हणतात, आता इंग्लिश मीडियमला घाला, फी मी भरतो. तिला मैत्रीण जाईल तिथंच जायचंय. थोरला नववीत नापास होऊन घरी बसला, म्हणून भीती वाटते. काय करावं?

ताई, नमस्कार.

फी भरतो म्हणणारा दीर सगळ्यांच्या नशिबी नसतो. त्यांचा मान ठेवूनच सांगते, आठवीत इंग्लिश मीडियम नको. प्रशालेत, म्हणजे हायस्कुलात गेल्यावर तसंही बरंच बदलणार आहे. वर्ग मोठा, मुलं अनोळखी, आणि तासातासाला नवे सर किंवा मॅडम. आतापर्यंत एकच बाई दिवसभर वर्गावर असायच्या, पोरगी गप्प बसली तरी तिला काय येतं हे त्यांना ठाऊक होतं. आता ते कोणाला ठाऊक नसणार. त्यात इतिहास-भूगोलही इंग्रजीतून आला, तर गप्प मुलगी आणखी गप्प होईल. घरात तेलुगू असताना तिनं सात वर्षं खपून मराठी कमावलीय. ती आता कामाला येऊ द्या.

मधला रस्ता आहे सेमी-इंग्लिशचा. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. तिचं गणित चांगलं आहे म्हणूनच हे सुचवते. मे महिन्यात सोलापुरात दुपारी बाहेर पडवत नाही, तेव्हा एक काम करायला सांगा. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर आठवीच्या गणिताचं पुस्तक मराठी आणि इंग्रजी दोन्हींत फुकट मिळतं. धडे तेच, उदाहरणं तीच. मोबाइलवर दोन्ही उघडून वहीत जोड्या लिहायच्या: अंश म्हणजे न्यूमरेटर, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, छेदिका म्हणजे ट्रान्सव्हर्सल. गणित तिला येतंच, फक्त नावं नवी आहेत. जूनपर्यंत ती ओळखीची झाली की पुरे. यासाठी क्लास लावायची काही गरज नाही, जाहिराती काही का म्हणेनात.

इंग्लिश मीडियम नको म्हणण्यामागं दुसरं कारण पैशाचं आहे, ते दिरांनाही सांगा. एनएमएमएस नावाची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. परीक्षा आठवीत होते, निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांचे 48,000. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीला 55 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना 50. पण मूल सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. विनाअनुदानित इंग्लिश स्कूलमध्ये गेली की ही वाट बंद. दोन पेपर असतात, 90-90 गुणांचे. त्यातला बौद्धिक क्षमतेचा पेपर तर तुमच्या मुलीसारख्या डोक्यानं चालणाऱ्या, तोंडानं न बोलणाऱ्या मुलांसाठीच काढल्यासारखा आहे. फॉर्म शाळेतूनच भरला जातो, तेव्हा प्रवेश घेतानाच विचारा की इथली मुलं एनएमएमएसला बसतात का, तयारी कोण करून घेतं. या प्रश्नावर शाळा काय उत्तर देते, यावरून मला तरी निकालाच्या फ्लेक्सपेक्षा जास्त कळतं.

अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण फी नाही. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं आणि पोषण आहारही मिळतो. मग दिरांचे पैसे? एक सायकल घेऊन द्या म्हणावं. नववीपासून पुस्तकं विकत घ्यावी लागतील, तेव्हाही त्यांची मदत होईल.

कुठली प्रशाला, तर पायी किंवा सायकलीवर जाता येईल ती. पूर्व भागात अशा आहेत, नावासाठी रिक्षा लावून गावाच्या दुसऱ्या टोकाला पाठवू नका. मैत्रीण जाते तीच शाळा या यादीत बसत असेल तर तिचं ऐका. नव्या वर्गात ओळखीचा एक चेहरा असणं ही छोटी गोष्ट नाही. शाळा सकाळची की दुपारची, तेही आधी पाहा. हिंदी की हिंदी-संस्कृत असा प्रश्न आला तर तो तिचा तिला सोडवू द्या.

शाळा सोडल्याचा दाखला हातात आला की तिथंच उभं राहून वाचा. तेलुगू आडनावं मराठीत दहा तऱ्हांनी लिहिली जातात, आधारवर एक आणि दाखल्यावर दुसरं असं सर्रास होतं. जन्मतारीख, आईचं नाव, जात, सगळं ताडून घ्या. चूक असेल तर आत्ताच जुन्या शाळेतून दुरुस्त करून घ्या, दहावीनंतर फार हेलपाटे पडतात. मुलीच्या नावानं आधार जोडलेलं बँक खातंही काढा. तुमच्याकडे विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर केंद्राच्या कामगार कल्याणाची वेगळी शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरतात.

आता एक बोलते, राग मानू नका. तुम्ही लिहिलं नाही, पण विडीच्या घरात पोरी पानं कापायला, दोरा बांधायला बसतातच. हजार विड्यांची हजारी भरायची असते, मला कळतं. तरी शाळेतून आल्यावरचे दोन तास तिचे राहू द्या, आणि तंबाखूपासून तिला लांबच ठेवा. आठवीत आता नुसतं ढकलत नाहीत. वार्षिक परीक्षेत नापास झाली तर पुनर्परीक्षा, त्यातही राहिली तर पुन्हा आठवीच. खरी चढण त्यापुढं, नववीत आहे. तिथं बीजगणित आणि भूमिती वेगळे होतात. आठवीत रोज बसायची सवय लागलेलं मूल ती चढण चढतं. थोरल्याचं काय अडलं ते त्यालाच विचारा. धाकटीला कुठं जपायचं ते त्याच्याइतकं कोणी सांगू शकणार नाही.

आणि त्याचंही संपलेलं नाही. पाचवी पास आणि 14 वर्षं पूर्ण असलेल्याला 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. सोलापूर पुणे विभागीय मंडळाकडे येतं. मुदत दरवर्षी जाहीर होते. मुलीच्या प्रवेशाला जाल तेव्हा त्यालाही बरोबर न्या आणि प्रशालेच्या ऑफिसात त्याच खेपेत चौकशी करा.