बंद हॉल, मॅचेस आणि प्रेक्षक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या मंडळाच्या कबड्डीच्या स्पर्धा आधी मैदानावर व्हायच्या, आता मॅट घेतली म्हणून इनडोअर हॉलमध्ये घेतो. कोरोनात सगळं बंदच होतं. परत तसलं काही आलं तर पन्नास टक्के प्रेक्षक बसवून स्पर्धा घ्यायची का, यावरून कमिटीत वाद चालू आहे. एक जण म्हणतो इंग्लंडमध्ये स्नूकरची (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) फायनल तेव्हा फुल्ल हॉलमध्ये झाली होती, मग आपल्याला काय झालं? हे खरंच सेफ असतं का?
– एक कार्यकर्ता, सांगली जिल्हा

उत्तर : तुमचा कमिटीवाला सांगतोय ते खरं आहे, फक्त अर्धवट आहे. २०२१ ची वर्ल्ड स्नूकर चॅम्पियनशिप शेफिल्डच्या क्रुसिबल थिएटरमध्ये झाली, सुरुवातीला एक तृतीयांश लोक बसवले आणि मे मधल्या फायनलपर्यंत हॉल भरू दिला, म्हणजे ९८० सीट. पण ती सरकारने मुद्दाम केलेली ट्रायल होती, आत जायच्या आधी टेस्ट निगेटिव्ह दाखवावी लागायची, तेव्हा तिथे केसेस कमी झालेल्या होत्या आणि वयस्कर लोकांचं लसीकरण बऱ्यापैकी उरकलेलं होतं. या सगळ्या ट्रायल्समध्ये कार्यक्रमानंतर घरून जी टेस्ट करून पाठवायची होती ती फार थोड्या लोकांनी पाठवली, त्यामुळे किती जणांना लागण झाली हे ठामपणे सांगताच आलं नाही. म्हणजे काही झालं नाही असं नाही, कळलं नाही असं. आणि त्याच हॉलमध्ये २०२० ला ३१ जुलैला पहिल्या दिवशी प्रेक्षक बसवले होते आणि सरकारने निर्णय फिरवला म्हणून दुसऱ्याच दिवशी हॉल रिकामा! हे तो कमिटीवाला सांगत नसणार.

दुसरं म्हणजे स्नूकर बघणारा माणूस गप्प बसतो, खोकला आला तरी दाबतो. कबड्डीत शेवटच्या चढाईला गॅलरीत काय चालतं ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. ओरडताना तोंडातून बारीक थेंब साध्या बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त बाहेर पडतात आणि बंद हॉलमध्ये ते हवेत तरंगत राहतात. जपानमध्ये जुलै २०२० ला सुमोची स्पर्धा घेतली तेव्हा टोकियोच्या त्या हॉलमध्ये साधारण ११ हजार बसतात तिथे अडीच हजारच घेतले आणि ओरडायला बंदी, फक्त टाळ्या. लोकांनी ते पाळलं पण. आपल्याकडे आपला रेडर तीन जण बाद करून परत आला आणि पब्लिक नुसत्या टाळ्या वाजवत बसलंय हे मला तरी डोळ्यासमोर येत नाही.

म्हणून ते पन्नास टक्के मला कागदावरचं वाटतं. हवा खेळती नसेल तर पन्नास टक्केही जास्तच. जर्मनीत लाइपझिगला ऑगस्ट २०२० मध्ये एक प्रयोग झाला होता, हँडबॉलच्या मॅचेस होतात त्या अरीनामध्ये सुमारे १४०० लोकांना बोलावून कॉन्सर्ट केली आणि कोण कोणाच्या किती जवळ येतं ते ट्रॅकर लावून मोजलं. त्यात दिसलं की व्हेंटिलेशन कसं आहे यावर धोका कितीतरी पटीने कमी-जास्त होतो, आणि सगळ्यात जास्त गर्दी आत शिरताना आणि मध्यंतरात होते, सीटवर बसल्यावर नाही. तुमच्या हॉलला एकच गेट असेल आणि वडापावची गाडी त्याच गेटवर असेल तर खुर्च्या लांब लांब लावून काही उपयोग नाही.

तर कमिटीने काय करावं, एक कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्यावा आणि पुढच्या भरलेल्या स्पर्धेत गॅलरीच्या वरच्या कोपऱ्यात ठेवून बघावा. बाहेरच्या हवेत आकडा ४२० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो. हॉलमध्ये ८०० च्या आत राहिला तर हवा बरी बदलतेय, १५०० च्या वर गेला तर लोक एकमेकांनी सोडलेला श्वासच घेतायत असं समजा. हे आत्ताच करून ठेवा, साथ आल्यावर नको. मीटरचा आकडा वाईट आला आणि एक्झॉस्ट, खिडक्या काही सुधारता येत नसेल तर साथीत मैदानावर मातीत खेळवा ना, कबड्डी काय मॅटवर जन्मली नाही. आणि गावात केसेस चढत असतील तर हॉल कितीही चांगला असू दे, प्रेक्षक नकोतच. प्रो कबड्डीचा आठवा सीझन बेंगळुरूच्या एका हॉटेलात बायो-बबलमध्ये (म्हणजे बाहेरच्यांशी संपर्क तोडून), एकही प्रेक्षक न घेता खेळवला, तरी जानेवारी २०२२ मध्ये खेळाडू पॉझिटिव्ह निघाले आणि मॅचेसचं शेड्युल बदलावं लागलं.

प्रश्न : बॅडमिंटनच्या हॉलमध्ये दारं-खिडक्या उघडल्या की शटल वाहतं म्हणून कोच सगळं बंद ठेवायला लावतात. मग काय करायचं?
– एक पालक, ठाणे

उत्तर : कोचचं चूक नाही, वाऱ्याने शटल खरंच वाहतं. पण म्हणूनच बॅडमिंटनला प्रेक्षक बसवणं जास्त रिस्की. मॅचेसच्या मधे दहा-पंधरा मिनिटं सगळं उघडून पंखे फुल्ल चालवा, एका वेळी कमी मॅचेस ठेवा, आणि साथीत पालकांनी बाहेर थांबावं. हो, तुम्ही पण. दिल्लीच्या खाशाबा जाधव हॉलमध्ये जानेवारी २०२२ ला इंडिया ओपन प्रेक्षकांशिवाय झाली तरी किदाम्बी श्रीकांतसकट सात भारतीय खेळाडूंना पॉझिटिव्ह निघाल्यामुळे माघार घ्यावी लागली होती.

प्रश्न : गेटवर टेम्परेचर गन आणि सॅनिटायझर ठेवलं तर पुरेल का?
– एक आयोजक, कोल्हापूर

उत्तर : नाही. कोरोनात ताप यायच्या आधीच माणूस दुसऱ्याला लागण देत होता, काहींना तर ताप आलाच नाही, मग गन काय पकडणार? सॅनिटायझर ठेवा, वाईट काही नाही, पण बजेट कमी असेल तर आधी एक्झॉस्ट फॅन बसवा आणि उरलेल्या पैशात चांगले मास्क घ्या. कोणीतरी पोरगं मोबाईल स्टँडवर लावून मॅच युट्यूबवर लाइव्ह करत असेल तर निम्मं पब्लिक घरूनच बघेल.