सामाजिक मानसशास्त्रातले निष्कर्ष सर्वांना आधीच ठाऊक असतात, मग त्याला शास्त्र का म्हणायचे?

प्रश्नकर्त्यांनी लिहिले आहे की बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला सामाजिक मानसशास्त्र घ्यावे की नाही, हे त्यांना ठरवायचे आहे. पुस्तक चाळल्यावर त्यातले निष्कर्ष घरातल्या वडीलधाऱ्यांनाही ठाऊक असणारे वाटले, तेव्हा यात शास्त्र नेमके कोठे आहे, असा त्यांचा प्रश्न आहे. मी सांगलीत एकोणीस वर्षे हा विषय शिकवते. ‘हे तर मला आधीच ठाऊक होते’ हे वाक्य मला वर्गापेक्षा स्वतःच्या घरात अधिक वेळा ऐकावे लागले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

हा आक्षेप जुना आहे. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांची जी प्रचंड पाहणी झाली, तिच्यावर लिहिताना १९४९ साली समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांनी आधी काही निष्कर्ष मांडले: जास्त शिकलेल्या सैनिकांना मानसिक त्रास अधिक झाला, खेड्यातून आलेले सैनिक शहरातल्या सैनिकांपेक्षा अधिक खुशीत राहिले, वगैरे. वाचताना प्रत्येकाचे कारण आपोआप सुचत जाते, कारण शिकलेला माणूस हळवा असतो आणि खेड्यातला कष्टाला सरावलेला असतो, असे आपण मानूनच चालतो. त्यानंतर त्यांनी सांगितले की पाहणीत प्रत्यक्ष आढळले ते यातल्या प्रत्येक विधानाच्या नेमके उलट होते. ते उलटे निष्कर्ष आधी वाचायला मिळाले असते, तर तेही तितकेच उघड वाटले असते. म्हणजे ‘हे ठाऊकच होते’ ही भावना निष्कर्ष कळल्यानंतर तयार होते, आणि ती ज्ञानाचा पुरावा म्हणून चालत नाही.

आता घरची गोष्ट सांगते. आमचे जुने बैठे घर गावभागात, म्हणजे सांगलीच्या नदीकाठच्या जुन्या वस्तीत आहे. २००५ च्या पुराचे पाणी ओसरल्यावर वडिलांनी बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर, कमरेइतक्या उंचीवर, निळ्या ऑइलपेंटने एक रेघ ओढून ठेवली होती. पुढे वडील गेले, पण ती रेघ आम्ही रंगकामातही पुसू दिली नाही. त्यांचा मिरजेत बनलेला तंबोरा त्याच खोलीत असे. ४ ऑगस्ट २०१९ रोजी, रविवारी संध्याकाळी, शहराच्या विश्रामबाग भागात राहणारे दादा आणि वहिनी आईला न्यायला आले होते. पाऊस थांबत नव्हता, कोयना धरणातून पाणी सुटत होते आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट झाले, याशिवाय गावात दुसरे बोलणे नव्हते. मला पुढच्या आठवड्यात लोक स्वतःच्या अंदाजांवर किती भरवसा ठेवतात हे शिकवायचे होते, म्हणून चहा होईपर्यंत मी सर्वांना एकच प्रश्न विचारला: पाणी या निळ्या रेघेच्या वर जाण्याची शक्यता शंभरात किती? उत्तरे मी वर्गाच्या टिपणांच्या वहीत लिहून घेतली. आईने वीस सांगितले, वहिनीने पंधरा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी पन्नास, दादाने दहा आणि मी पाच.

त्या अंदाजाप्रमाणेच आम्ही वागलो. तंबोरा खोळीत घालून रेघेच्या वर दोन हातांवर असलेल्या फळीवर आडवा ठेवला, भांडी आणि कपड्यांच्या ट्रंका टेबलावर चढवल्या, आणि आम्ही सर्वजण विश्रामबागेत गेलो. वही माझ्या कॉलेजच्या पिशवीत होती, म्हणून वाचली. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. २००५ साली ती ५३ फुटांच्या पुढे होती. या साडेतीन-चार फुटांच्या फरकात आमची फळी बुडाली.

परतल्यावर खोळ उघडली तेव्हा भोपळा फुगून मऊ पडला होता, तबकडीशी त्याचा सांधा उकलला होता, आणि आत बोट घातले तर चिकट गाळ लागत होता. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांनी दांडीवरून हात फिरवून सांगितले की दांडी कदाचित वाचेल, भोपळा वाचणार नाही. तेव्हापासून नातेवाइकांत कोठेही पुराचा विषय निघाला की दादा एकच सांगतो: ‘मी त्याच दिवशी म्हणत होतो, पाणी वर जाणार, तंबोरा आमच्याकडे न्या, पण हिने ऐकले नाही.’ तो खोटे बोलत नाही, त्याला तसेच आठवते. २०२० च्या दिवाळीत सगळे जमले असताना मी वही न दाखवता प्रत्येकाला विचारले की त्या संध्याकाळी आपण कोणता आकडा सांगितला होता. दादा म्हणाला, ‘ऐंशी तरी.’ आईला साठ आठवत होते. मला स्वतःला तीस-चाळीस आठवत होते, आणि वहीत माझ्याच अक्षरात पाच लिहिलेले पाहून मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. दादाने पान पाहिले आणि म्हणाला, ‘तू घाईत चुकीचे लिहून घेतलेस.’

प्रश्नकर्त्यांनी जे शास्त्र कोठे आहे असे विचारले, ते वहीतला आकडा आणि आठवणीतला आकडा यांच्यामधल्या अंतरात आहे. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ साली याचा प्रयोग केला. १८१४ मधल्या ब्रिटिश आणि गुरखा यांच्या युद्धाचे वर्णन वाचायला देऊन त्यांनी चार संभाव्य शेवट मांडले. एका गटाला शेवट सांगितला नाही आणि उरलेल्या चार गटांना प्रत्येकी वेगळा शेवट खरा म्हणून सांगितला. शेवट कळलेल्या गटांना, तो माहीत नसता तर आपण काय अंदाज केला असता, असे विचारले, तेव्हाही आपल्याला सांगितलेला शेवट त्यांना अधिक संभवनीय वाटला. कोणाला कोणता शेवट सांगायचा हे संशोधकाच्या हाती असल्यामुळेच गटांतल्या फरकाचे कारण ठामपणे सांगता येते. घरातल्या अनुभवातून ते कधीही सांगता येत नाही, कारण घरात पूर एकदाच येतो आणि त्याचा शेवटही एकच असतो. स्वतंत्र चल (संशोधक स्वतः बदलतो ते, येथे सांगितलेला शेवट), परतंत्र चल (त्यामुळे बदलते ते, येथे लोकांचा अंदाज), नियंत्रित गट (तुलनेसाठी ठेवलेला, येथे शेवट न सांगितलेला गट) हे शब्द परीक्षेपुरते पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण संपूर्ण विषयाचे बळ तेथेच आहे. बाकीचे, म्हणजे संज्ञा आणि व्याख्या, कोणत्याही मार्गदर्शिकेत मिळते.

दादाने स्वतःचेच उत्तर नाकारले, यालाही संशोधनात जोड आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान कोसळले. दुसऱ्या दिवशी सकाळी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून, ही बातमी कोठे आणि कशी कळली, हे लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांच्यापैकी ४४ जणांना पुन्हा विचारले, तेव्हा ११ जणांच्या आठवणीतला एकही मुख्य तपशील जुन्या कागदाशी जुळला नाही, आणि तरीही अनेकांना आपल्या आठवणीची पक्की खात्री होती. आपल्याच हस्ताक्षरातला कागद समोर ठेवूनही कोणाची जुनी आठवण परत आली नाही. ‘स्व’ या प्रकरणात आपण हेच शिकवतो: माणूस स्वतःचा भूतकाळ आजच्या ‘मी’ला शोभेल असा मांडत राहतो.

गुणारोपणाबद्दल, म्हणजे कोणाच्या वागण्याचे कारण आपण कसे ठरवतो याबद्दल, एवढेच सांगते की दादाच्या मते तंबोरा माझ्या हट्टी स्वभावामुळे गेला, आणि तो स्वतः त्या दिवशी तंबोरा गाडीत घालू शकला नाही, ते मात्र गाडीत आई आणि तिच्या पिशव्या असल्यामुळे. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण स्वभावात शोधायचे आणि परिस्थिती विसरायची, ही चूक संपूर्ण विश्रामबागेने त्या ऑगस्टमध्ये केली. ‘लोक वेळेवर घर का सोडत नाहीत’ असे विचारणाऱ्या किती जणांनी, त्या घरात म्हैस होती का, अंथरुणाला खिळलेले माणूस होते का, हे विचारले?

काही गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. माझी वही म्हणजे संशोधन नव्हे. पाच माणसांवरून कोणताही निष्कर्ष निघत नाही. शिवाय माझा प्रश्नच सदोष होता. निळ्या रेघेकडे बोट दाखवून विचारल्यामुळे सर्वांचे अंदाज त्या रेघेला बांधले गेले असणार. ट्वर्स्की आणि काहनमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली वर्णन केलेला हा नांगराचा परिणाम मी वर्गात शिकवत होते आणि घरात नकळत घडवत होते. आणि विषयाबद्दलही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१५ साली मानसशास्त्रातले शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत पुन्हा लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा, निष्कर्ष मिळाला, आणि सामाजिक मानसशास्त्रातल्या प्रयोगांत हे प्रमाण त्याहून कमी भरले. पण ही तपासणी या विषयाने स्वतःहून केली आणि स्वतःच जाहीर केली, म्हणून मी त्याला शास्त्र म्हणते.

तेव्हा विषय अवश्य घ्या. मात्र संशोधन पद्धतींचे प्रकरण आधी वाचा, आणि प्रत्येक प्रयोगाचा निकाल वाचण्यापूर्वी तो हाताने झाकून स्वतःचा अंदाज तारखेसह लिहून ठेवा. घरात ‘मी तेव्हाच सांगितले होते’ म्हणणारे कोणी असेल, तर त्यांचाही अंदाज लिहून घ्या आणि खाली त्यांची सही घ्या. मी ती २०१९ साली घेतली नाही, ही माझी चूक झाली.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढू लागले तेव्हा मी दादाकडून सही घेतली. त्याने नव्वद लिहिले, खाली तारीख घातली, आणि त्या वेळी आम्ही बाहेरच्या खोलीतला चमचासुद्धा न ठेवता घर रिकामे केले. पाणी रेघेच्या वर गेले. २०२१ साली दादाचा अंदाज बरोबर होता, हे मी त्याच्या सहीचे पान दाखवून कोणालाही सांगते. २०१९ च्या पानावर मात्र दहाच लिहिलेले आहे.