दोन वाक्यांची भूमिका मिळाली म्हणून

नाराज होऊ नकोस रे. हवालदाराचं काम छोटं असेल, पण ते तू सांगलीत करतोयस. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक इथंच उभं केलं, सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं. त्या नाटकांत पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं बरंचसं बोलणं आयत्या वेळी रचायची.

आता कामाचं. फक्त स्वतःची वाक्यं नाही, पूर्ण प्रवेश पाठ कर. तुझ्या आधीचं वाक्य समोरच्यानं गाळलं तर एंट्री कुठं घ्यायची हे कसं कळणार? रंगमंचावर गप्प उभा असशील तेव्हा बोलणाऱ्याचं खरोखर ऐक. ऐकणारा नट शेवटच्या रांगेतूनही ओळखू येतो. हशा आला की तो ओसरू लागेपर्यंत थांब, नाहीतर पुढचं वाक्य बुडतं. आणि दुसऱ्याचं वाक्य चालू असताना मिशा पिळून लक्ष वेधून घ्यायचं नाही. हे मला अजिबात खपत नाही.

काठी, टोपी, शिट्टी प्रयोगाआधी स्वतः तपास. तुझा प्रवेश नसला तरी तालमीला ये. जमलं तर एक दिवस प्रॉम्प्टिंगला, म्हणजे विंगेतून विसरलेली वाक्यं पुरवायला बस, अख्खं नाटक कळेल.