शाळेच्या भोंग्यातून ऐकू येणारं १९७३

प्रिय मित्रा,

अथेन्समधल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांवरच्या तुझ्या आठ मिनिटांच्या प्रयोगशील लघुपटाचा आराखडा वाचला. विषय भक्कम आहे. पण रणगाड्याची जुनी दृश्यं मुलांच्या चेहऱ्यांना लागून ठेवली आहेस, ती काढ.

१७ नोव्हेंबर १९७३च्या पहाटे, लष्करी राजवटीविरुद्ध उठलेल्या विद्यार्थ्यांवर चालून जात अथेन्सच्या पॉलिटेक्निक या तंत्रविद्यापीठाचं फाटक पाडणारा तो रणगाडा आणि विद्यार्थ्यांच्या रेडिओवरची ‘इथे पॉलिटेक्निक’ ही हाक ग्रीक मुलं दर नोव्हेंबरला शाळेत पाहत-ऐकतच वाढतात. ओळखीचं दिसलं की ग्रीक प्रेक्षक पाहणं सोडून देतो. म्हणून मूळ ध्वनिमुद्रण सरळ जोडू नकोस. शाळेच्या कार्यक्रमात ते भोंग्यावर लागेल तेव्हा टिपून घे. एक मायक्रोफोन भोंग्यापासून तीनेक मीटरवर ठेव, दुसरा शेवटच्या रांगेत. दुसऱ्यात भिंतींवरून परतणारा आवाज, बुटांची चुळबुळ, दबकं हसू येईल. संकलनात पहिला आवाज हळूहळू उतरवून दुसऱ्यावर ये. तुझा लघुपट तिथेच आहे.

२८ ऑक्टोबरच्या शाळकरी मुलांच्या संचलनाचंही तेच. १९४० साली इटलीच्या निर्वाणीच्या खलित्याला ग्रीसने दिलेल्या नकाराचा तो दिवस. संचलनापेक्षा आधीच्या आठवड्यांतला सराव टिप, कारण त्या दिवशी रांगा सरळ असतात. सरावात पावलं चुकतात, खांदे पडतात, कुणी शेजाऱ्याकडे पाहून पाय बदलतं. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर ठेव.

१६ मिमीचा १०० फुटी रोल २४ फ्रेमच्या वेगाने जेमतेम पावणेतीन मिनिटं चालतो. एकास चार प्रमाण, म्हणजे पडद्यावरच्या एका मिनिटासाठी चार मिनिटं चित्रण, धरलंस तर बारा रोल लागतील, त्याशिवाय एक चाचणीसाठी आधीच खर्च कर. भर दुपारी पांढरे सदरे आणि संगमरवर प्रकाश मोजणाऱ्या मीटरला फसवतात: तो लेन्सचं छिद्र लहान करायला सांगतो आणि चेहरे काळवंडतात. मोजमाप चेहऱ्यावरून घे. रंगीत निगेटिव्ह एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, प्रकाश सहज पचवतं, कमी प्रकाशात मात्र सावल्यांत दाणे उठतात. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करायचं असेल तर दोन्ही वेळा एकेक स्टॉप कमी दे, आणि फिल्म मागे फिरवताना लेन्सवर झाकण असू दे.

चावी देऊन चालणाऱ्या कॅमेऱ्यावर ओठांशी जुळणारे संवाद घेऊ नकोस. तो खडखडतो, शिवाय त्याचा वेग नेमका राहत नाही, त्यामुळे आवाज काही सेकंदांत सुटतो. मुलांचं बोलणं वेगळं, बसवून, प्रश्न विचारत नोंदव. लिहून दिलेलं वाचायला लावलंस तर ती भाषणाच्या सुरात जातात, आणि तो सूर शाळेने त्यांना आधीच शिकवलेला असतो.

शाळेची परवानगी आणि अठराखालच्या प्रत्येकाच्या पालकांची लेखी संमती सराव सुरू होण्याआधी हातात हवी. एका पालकानेही नकार दिला तर सगळं विस्तृत दृश्य बाद होतं. त्या मुलाची रांग कोणती हे शिक्षकांना आदल्या दिवशीच विचारून घे आणि कॅमेरा दुसऱ्या बाजूला लाव.