शिक्षकांसाठी कोचिंग म्हणजे नक्की काय, आणि शाळेत त्याचा खरंच उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न असा, की गोव्यात फोंड्याकडच्या तुमच्या अनुदानित हायस्कूलात मॅनेजमेंट यंदा शिक्षकांसाठी कोच आणतंय, तो महिन्यातून दोनदा वर्गात मागे बसणार, तुमची 14 वर्षं सर्व्हिस झालीय आणि तुम्हाला हे नाव बदललेलं इन्स्पेक्शनच वाटतंय. मग करावं की टाळावं?

मी डिचोली तालुक्यात गणित शिकवतो, 21 वर्षं झाली. त्यातली दोन वर्षं मला स्वतःला कोच होत्या आणि आता शाळेतल्या तिघांसोबत मी तेच काम करतो. माझं मत, टाळू नका, पण हो म्हणायच्या आधी एकच गोष्ट विचारून घ्या: कोच वर्गात बसून ज्या वहीत लिहितो ती वही शेवटी कोणाकडे जाते? हेडमास्तरांच्या टेबलावर जात असेल तर तुमची शंका बरोबर आहे, मग ते इन्स्पेक्शनच.

हे मी उगाच नाही सांगत. आधी ज्या शाळेत होतो तिथे (नाव नको) बाहेरून कोच म्हणून एक मॅडम यायच्या, खूप गोड बोलायच्या, मोकळेपणाने सांगा काय अडतं म्हणायच्या. एका नवीन टीचरने खरंच सांगितलं की नववी ब मला आवरत नाही. प्रोबेशन संपायच्या वेळी मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये तेच वाक्य तिच्यासमोर वाचून दाखवलं. झालं, त्यानंतर मॅडम येणार त्या दिवशी सगळीकडे चार्ट, रंगीत खडू, आदल्या दिवशी झालेलाच धडा परत, उत्तरं पाठ. मुलांनाही सगळं माहीत, एकाने दारातच मला विचारलं, "सर, आयज कालचोच धडो?"

आता ट्रेनिंग आणि कोचिंग यातला फरक. कोचिंग म्हणजे कोणीतरी तुमच्याच वर्गात बसून बघतं आणि नंतर तुमच्यासोबत एकेका गोष्टीवर काम करतं. ट्रेनिंग आपल्याला माहीतच आहे, पर्वरीला जायचं, हॉलमध्ये पीपीटी बघायची, दुपारी जेवण, शेवटी सर्टिफिकेट. 2019 पासून निष्ठा हे केंद्र सरकारचं शिक्षक ट्रेनिंग आलं, मग दीक्षा या सरकारी पोर्टलवरचे ऑनलाईन कोर्स, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास शिकावं असं लिहिलंय. व्हिडिओ म्यूट करून बाजूला पेपर तपासायचे हे आपण सगळ्यांनी केलंय, कबूल करायला हरकत नाही. ट्रेनिंग वाईट असतं असं नाही, नवीन काहीतरी कळतं, पण सोमवारी वर्गात गेलं की हात जुन्याच सवयीने चालतात. अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या शिक्षण-संशोधकांनी 1980 च्या सुमारासच हे मांडलं होतं, की नुसतं ऐकून आणि डेमो बघून शिक्षकाच्या रोजच्या शिकवण्यात फार कमी उतरतं, नंतर वर्गात सोबत कोणी असेल तर बरंच जास्त उतरतं. 2018 मध्ये तिथलेच संशोधक मॅथ्यू क्राफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोचिंगवरचे 60 अभ्यास एकत्र करून पाहिले. शिकवण्यात फरक पडतो, मुलांच्या मार्कांतही पडतो पण त्यापेक्षा कमी, आणि महत्त्वाचं म्हणजे हीच गोष्ट शेकडो शिक्षकांवर एकदम राबवायला गेलं की फायदा जवळपास अर्ध्यावर येतो. त्यामुळे एकच कोच तालुक्यातल्या दहा शाळा फिरणार असेल तर फार आशा ठेवू नका.

आणि कोच म्हणजे आपल्याला काही येत नाही म्हणून, हे पहिलं डोक्यातून काढा. अतुल गावंडे माहीत असतील, अमेरिकेतले सर्जन, घराणं मूळ विदर्भातलं. नाव झालेला माणूस, तरी त्यांनी आपल्या एका रिटायर्ड शिक्षकांना ऑपरेशन थिएटरात उभं केलं आणि सांगितलं माझं काम बघा. 2011 मध्ये त्यांनी त्यावर लिहिलंही. काय सापडलं तर कोपर मधेच वर जातं आणि दिव्याचा झोत जखमेवरून सरकलाय हे बराच वेळ लक्षातच आलं नाही. असल्या बारीक गोष्टी स्वतःला दिसत नाहीत हो.

माझं कोपर म्हणजे प्रश्न विचारणं. कोचनी पहिल्याच दिवशी विचारलं की मी काय बघू ते तुम्हीच सांगा. मी म्हटलं आठवीची मुलं तोंडच उघडत नाहीत, ते बघा. त्या शेवटच्या बाकावर वही आणि घड्याळ घेऊन बसल्या आणि तासानंतर फक्त आकडे पुढे ठेवले: 41 प्रश्न, त्यातल्या 26 ची उत्तरं मीच दिलेली. प्रश्न संपला की सेकंद व्हायच्या आत माझं "म्हणजे बघा..." सुरू! मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकातच हे मोजलेलं होतं, शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, तो वेळ तीन सेकंद केला की उत्तरं लांब येतात आणि गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. ऐकायला सोपं आहे पण वर्गात तीन सेकंद शांत उभं राहून बघा, घाम फुटतो. मग आम्ही एक युक्ती केली, प्रश्न विचारला की खडू टेबलावर ठेवायचा आणि कोणी बोलेपर्यंत उचलायचा नाही. सहा आठवडे फक्त एवढंच, बाकी काही बदललं नाही.

आपल्याकडे तर असं थांबण्याची गरज जास्तच आहे असं मला वाटतं. पोर घरी कोंकणी बोलतं, चौथीपर्यंत मराठीतून शिकलं, पाचवीपासून गणित इंग्लिशमधून. माझा इंग्लिश प्रश्न त्याच्या डोक्यात कोंकणीत जाऊन परत येईपर्यंत मी उत्तर देऊन मोकळा झालेलो असायचो. चौथ्या आठवड्यात मागच्या बाकावरची एक मुलगी, जिचा आवाज मी जूनपासून ऐकला नव्हता, म्हणाली "सर, दोनूय वटांनी भागलें जाल्यार?" (दोन्ही बाजूंना भागलं तर?) समीकरणच होतं, आणि बरोबर होती ती.

ऑफिस स्टाफसाठीही हे होतं, लोक विसरतात. आमच्या क्लार्कचा पालकांवर आवाज चढायचा, तक्रारी यायच्या. कोचनी उपदेश केला नाही, फक्त विचारलं की दिवसातून नेमका कधी चढतो. त्यांनी आठवडाभर लिहून ठेवलं तर रोज मोठ्या सुट्टीतच, कारण तेव्हा मुलं फीला आणि पालक बोनाफाईडला एकदमच खिडकीवर. पालकांची वेळ सुट्टीनंतरची केली, अर्धा वाद तिथेच संपला.

तर तुम्ही काय करा, वहीचं उत्तर गोलमाल आलं तर ते लेखी मागा, सगळ्या स्टाफने मिळून मागा, एकट्याने नको. कुठला वर्ग बघायचा ते तुम्ही ठरवा आणि शहाण्यासारखं चांगला वर्ग नका देऊ, जो छळतो तोच द्या, नाहीतर दोघांचा वेळ फुकट. एका वेळी एकच गोष्ट घ्या. कोच आल्या आल्या दहा सुधारणांची यादी देत असेल तर हसून पाणी विचारा आणि सोडून द्या.

आणि कोच बरा नसेल तर विश्वासातला एक सहकारी पुरतो, आठवड्यातला एक फ्री पिरियड एकमेकांच्या वर्गात बसा. तेही जमत नसेल तर हेडमास्तरांना सांगून फोनवर स्वतःच्या एका तासाचा फक्त आवाज रेकॉर्ड करा, मुलांचा व्हिडिओ नको. मी केला होता तसा, घरी वाळपईला जाताना कदंबा बसमध्ये हेडफोन लावून ऐकायला घेतला आणि साखळी स्टँड यायच्या आतच बंद केला, ऐकवेचना. दुसऱ्या दिवशी मात्र पूर्ण ऐकला.