‘रक्तातच आहे’ म्हणून पथ्य सोडू नका

प्रश्न : माझं वय ५२. कवठेमहांकाळ तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. वडिलांना शुगर होती, थोरल्या चुलत्यांना होती, धाकट्या भावाला आहे, आता मलाही निघाली. अंगानं मी बारीक, उंची साडेपाच फूट, वजन ६१ किलो. घरात सगळे म्हणतात, आपल्या रक्तातच आहे, पथ्य करून काय उपयोग? माझा जन्म दुष्काळातला, १९७३ चा. मी पोटात असताना आई खडी फोडायच्या कामावर जायची, सुकडीवर दिवस काढले असं ती सांगते. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का? मुलगा २४ वर्षांचा आहे. त्यालाही होणारच का?

उत्तर : होणारच असं नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुमच्या पत्रातली खरी काळजी तीच आहे.

‘रक्तातच आहे’ हे वाक्य सांगलीत माझ्या दवाखान्यात रोज कानावर पडतं. ते ऐकलं की मी त्या पेशंटकडे जास्त लक्ष देते, कारण असं म्हणणारा माणूस हळूहळू गोळ्या चुकवायला लागतो, तपासणीला येईनासा होतो. म्हणून रक्तातून नक्की काय येतं ते नीट बघू.

तुम्हाला आहे तो टाइप टू मधुमेह कुठल्या एका जनुकामुळे होत नाही. त्याच्याशी संबंध असलेल्या शेकडो जागा आजवर आपल्या गुणसूत्रांवर सापडल्या आहेत आणि त्यातली एकेक जागा धोका अगदी थोडा वाढवते. नेहमी आढळणाऱ्यांपैकी सगळ्यात जोरकस जनुक म्हणजे टीसीएफ७एल२. ते २००६ साली आइसलँडच्या शास्त्रज्ञांनी शोधलं, पुढे पुण्याच्या रुग्णांतही त्याचा संबंध दिसला. त्याची धोक्याची एक प्रत अंगात असली तरी धोका दुप्पटसुद्धा होत नाही. तुमच्या मुलाला तुमच्याकडून निम्मी जनुकं आली, निम्मी त्याच्या आईकडून. तुमच्यातली कुठली निम्मी त्याच्या वाट्याला आली, हे ठरवून होत नाही.

आता एक विचार करा. तुमच्या आजोबांच्या अंगातही हीच जनुकं होती. दोन पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत. मग वडिलांच्या आणि तुमच्या पिढीतच घरोघरी शुगर कशी दिसायला लागली? तुमच्या भागात म्हैसाळ योजनेचं पाणी आलं, बागा आल्या, घरात चार पैसे आले. ही फार चांगली गोष्ट झाली, दुष्काळ बघितलेल्या माणसाला ते सांगायला नको. पण त्याचबरोबर पाठीवरचा पंप जाऊन ट्रॅक्टरचा ब्लोअर आला आणि बांधापर्यंत मोटारसायकल जाऊ लागली. ताटातली ज्वारीची भाकरी कमी होऊन चपाती-भात वाढला. बागेत आलेल्या प्रत्येक माणसाबरोबर साखरेचा चहा, तोही दिवसातून पाच-सहा वेळा. मी अशी घरं बघते जिथं तिघा भावांना शुगर आहे आणि थोरल्या सुनेलाही निघते. तिच्या माहेरी कुणालाच नाही. तिचं आणि त्या भावांचं रक्त एक नाही, चूल एक आहे. घराण्यातून जनुकं येतात तशा जेवणाच्या वेळा, ताटातल्या भाताचा ढीग आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसायची सवयही येते. आपण मात्र सगळ्याला रक्तच म्हणतो.

तुमच्या दुष्काळाच्या प्रश्नावर मी थोडं जास्त लिहिणार आहे. तुम्ही बागायतदार आहात, म्हणून बागेतलंच उदाहरण देते. एकाच वेलीच्या काड्यांपासून केलेल्या सगळ्या वेलींची जनुकं सारखी असतात. तरी एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर काडीत सूक्ष्म घड तयार होतात त्या दिवसांत ऊन कमी पडलं, पाऊस-ढगाळ राहिलं, तर पुढं ऑक्टोबरला फळछाटणी कितीही चांगली साधली तरी घड कमीच निघतात. त्या काही आठवड्यांत जे ठरलं ते नंतर खत घालून पुरतं भरून निघत नाही. माणसाच्या बाबतीत तो काळ म्हणजे आईच्या पोटातले नऊ महिने.

हे जगात नीट तपासलं गेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, पश्चिम नेदरलँड्समध्ये अन्नाची कोंडी झाली आणि माणशी रेशन दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेलं. त्या वेळी पोटात असलेली मुलं पन्नाशीला आली तेव्हा त्यांची तपासणी केली गेली. साखर पचवायची त्यांची ताकद इतरांपेक्षा कमी भरली. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी जुन्या जन्मनोंदी काढून दाखवलं की कमी वजनाच्या बाळांना मोठेपणी मधुमेह आणि हृदयविकार जास्त होतो. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बायकांचा गरोदरपणापासून अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी जन्मवजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हाडामांसानं, पोटातल्या अवयवांनी कमी होती, पण कातडीखालची चरबी त्या मानानं जवळजवळ पुरती होती. बाळ दिसायला किरकोळ, अंगात चरबी मात्र राखलेली.

हेच मोठेपणीही दिसतं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचं अगदी सारखं, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. तुमचा बीएमआयही त्याच्याच आसपास येतो. म्हणून वजनकाट्यावर समाधान मानू नका. बेंबीच्या पातळीवर टेप लावून कंबर मोजा. आपल्या पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांत ८० च्या वर गेली तर पोटात चरबी साठली आहे असं समजायचं, हातपाय कितीही बारीक असोत.

दुष्काळानंच तुम्हाला शुगर दिली असं एका माणसाबद्दल ठामपणे म्हणता येत नाही. पण संबंध असणं अगदी शक्य आहे. आणि हे वाचून आईला बोल लावू नका, तसा विचारही मनात आणू नका. त्या उन्हात खडी फोडून तिनं तुम्हाला जगवलं. दोष असेलच तर त्या उपाशी काळाचा आहे. उलट घरात सून असेल, लेक असेल, तर तिच्या गरोदरपणात तिला डाळ, दूध, अंडी, पालेभाज्या भरपूर मिळतील आणि लोहाच्या गोळ्या चुकणार नाहीत हे बघा. नातवाच्या शुगरची काळजी तिथून सुरू होते.

आता पथ्याचा उपयोग. चेन्नईत डॉ. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुगरच्या उंबरठ्यावरच्या माणसांवर अभ्यास केला, तो २००६ साली छापून आला. नियमित चालणं आणि खाण्यात बदल एवढ्यावर नव्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीनं २६.४ टक्क्यांनी. अमेरिकेतल्या अशाच अभ्यासात राहणी बदलल्यानं घट ५८ टक्के निघाली. यातली पुष्कळ माणसंही शुगरच्या घराण्यातलीच होती. तुम्हाला शुगर आधीच निघाली असली तरी डोळे, मूत्रपिंड आणि पाय वाचवणं आजही तुमच्या हातात आहे.

मुलाची उपाशीपोटीची शुगर आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, आत्ता एकदा करून घ्या. एचबीएवनसी ५.७ च्या खाली आलं तर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा बघायचं. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. तिथं रोज अर्धा तास भराभर चालणं आणि चहातली साखर बंद करणं यानं खरंच फरक पडतो. एक मात्र लक्षात ठेवा. बारीक अंगकाठीच्या मुलाला पंचविशीच्या आत शुगर निघाली आणि घरात ओळीनं तीन पिढ्या शुगर असेल, तर ती एकाच जनुकामुळे होणाऱ्या वेगळ्या प्रकारची असू शकते. त्याला मोडी म्हणतात. तो प्रकार थोडाच आढळतो, पण ओळखला तर काहींना इन्सुलिनऐवजी साध्या गोळीवर भागतं. तसं काही निघालं तर डॉक्टरांना हा शब्द सांगून विचारा.

प्रश्न : आम्ही मिरजेजवळ राहतो. माझ्या मुलीला माझ्या नणंदेनं तिच्या मुलासाठी मागितलं आहे. मुलगा चांगला आहे, मुलीलाही पसंत आहे. आमच्या घरात मामाच्या मुलीशी लग्न करायची पद्धत तीन पिढ्यांची आहे. पण सासऱ्यांच्या चुलत घरात दोन मुलं जन्मतः ऐकू न येणारी आहेत. लोक म्हणतात देवक वेगळं आहे, काही होत नाही. काय करावं?

उत्तर : ताई, देवक वेगळं असल्यानं इथं निभावत नाही. देवक बापाच्या बाजूनं चालतं, जनुकं आई आणि बाप दोघांकडून सारखीच येतात. तुमचे यजमान आणि त्यांची बहीण सख्खी भावंडं आहेत. म्हणून त्यांच्या मुलांची, म्हणजे या दोघांची, साधारण आठवा हिस्सा जनुकं एकाच ठिकाणाहून आलेली असतात.

प्रत्येक निरोगी माणसाच्या अंगात काही बिघडलेली जनुकं झाकलेली असतात. जोडीतलं दुसरं चांगलं असल्यानं ती कळत नाहीत. आई-बाप दोघांकडे तोच बिघाड असला तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता असते की मुलाला दोन्ही बिघडलेलीच मिळतील. नात्याबाहेरच्या जोडप्यात मूल जन्मजात मोठा दोष घेऊन येण्याची शक्यता शंभरात दोन-तीन असते, सख्ख्या आते-मामे भावंडांत ती साधारण दुप्पट होते. म्हणजे बहुतेक मुलं ठणठणीतच जन्मतात, आणि म्हणूनच ‘आमच्यात काही झालं नाही’ असं म्हणणारे भेटतात. पण तुमच्याकडे तीन पिढ्या हेच चाललं आहे आणि घराण्यात बहिरेपण दिसलं आहे. तुमच्या मुलीसाठी धोका त्या सरासरीपेक्षा जास्त धरायला हवा.

मला विचाराल तर मी हे लग्न टाळा म्हणेन. तरीही दोघांनी ठरवलंच असेल, तर लग्नाआधी एवढं करा. घरातल्या जाणत्या माणसाकडून चार पिढ्यांची वंशवेल कागदावर काढून घ्या. कोण लहानपणी गेलं, कुणाला ऐकू येत नव्हतं, कुणाची बाळं वारंवार पडली, हे सगळं लिहा. लपवू नका, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तो कागद घेऊन आनुवंशिक सल्ला देणाऱ्या डॉक्टरांकडे दोघांनी जा. त्या दोन मुलांची जनुक तपासणी आधी झाली तर बिघाड कुठला ते कळतं, मग या दोघांत तो आहे का ते बघता येतं. जन्मजात बहिरेपणात जीजेबी२ नावाचं जनुक पुष्कळदा सापडतं. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी एचबीए२ची तपासणीही करा, ती साध्या रक्तावर होते.

आणि दोष निघाला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. फिनाइलकीटोन्यूरिया नावाचा असाच दोन बिघडलेल्या जनुकांचा आजार आहे. तो नॉर्वेच्या फोलिंग यांनी १९३४ साली ओळखला. उपचार नसताना त्यात मुलाची बुद्धी कायमची खुंटते. १९५० च्या दशकात ठरावीक प्रथिनं वगळलेला आहार निघाला. तो जन्मल्यावर लगेच सुरू केला तर ते मूल शाळेत इतरांच्या बरोबरीनं शिकतं. जनुक तेच राहतं, ताटातलं बदलतं. बहिरेपणाचंही तसंच. बाळाच्या कानाची तपासणी जन्मल्यावर महिन्याभरात झाली आणि दोष निघाला, तर यंत्र किंवा शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं उपकरण, म्हणजे कॉक्लियर इम्प्लांट, वेळेत बसवून मूल बोलायला शिकतं. वर्षं वाया गेली तर अवघड होतं.

एक विनंती. उद्या काही झालंच तर ‘सुनेच्या अंगातून आलं’ असं कुणी म्हणू नये, यासाठी तुम्ही आणि नणंद दोघींनी आत्ताच बोलून ठेवा. अशा आजारात निम्मा वाटा नेहमी बापाचा असतो. पोरींवर हा आळ येताना मी फार बघितला आहे, आणि तो साफ खोटा असतो.

प्रश्न : मी साताऱ्यात कॉलेजला आहे. वडिलांना ४८ व्या वर्षी हार्टअटॅक आला. ऑनलाइन थुंकीची जनुक चाचणी मिळते, ती करावी का?

उत्तर : ते पैसे आत्ता वाचवा. अशा बऱ्याच चाचण्या मोजक्याच जागा बघतात आणि त्यांचे अंदाज मुख्यतः युरोपियन वंशाच्या लोकांच्या माहितीवर बांधलेले असतात. वडिलांना पन्नाशीच्या आत झटका आला, हीच तुमच्या कामाची सगळ्यात मोठी माहिती आहे. रक्तदाब मोजा, शुगर आणि कोलेस्टेरॉलची तपासणी करा, तंबाखू-सिगारेटच्या वाटेला जाऊ नका. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १९० च्या वर आलं तर घराण्यातून येणारं कोलेस्टेरॉल आहे का, हे फिजिशियनना मुद्दाम विचारा. तिथं जनुक तपासणीला अर्थ आहे, आणि त्यावर तरुणपणीच औषध सुरू करावं लागतं. तसं निघालं तर भावंडांचं रक्तही त्याच आठवड्यात तपासून घ्या.