माडीवर फ्रंट लोड: पाणी चढत नाही, घर हालते अन् बाकीचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमधे बरेचसे प्रश्न वरच्या मजल्यावर ठेवलेल्या फ्रंट लोड मशीनचे, म्हणजे समोरून दार असलेल्या कपडे धुवायच्या मशीनचे आहेत, म्हणून बाकीचे (मिक्सरवाले, कूलरवाले) पुढच्या अंकात घेतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, खाली नीट चालणारी मशीन वर गेल्यावर रुसली तर नव्वद टक्के वेळा मशीनला काहीच झालेलं नसते, टाकी, स्लॅब नाहीतर सांडपाण्याचा पाईप पाहा.

प्रश्न (एक वहिनी, दर्यापूर तालुका): भाऊ, नमस्कार. मागच्या उन्हाळ्यात वर दोन खोल्या काढल्या, त्यातच कपडे धुवायला एक छोटी खोली केली अन् खालची फ्रंट लोड वर नेली. खाली होती तोवर काहीच तक्रार नव्हती. आता सकाळी लावली तर चालते, दुपारी लावली की पाणीच घेत नाही, बराच वेळ घुंघूं करते मग पाण्याचा एरर देऊन बंद. मेकॅनिक येऊन व्हॉल्व्ह बदलून गेला तरी तेच. आमचे हे म्हणतात नवीन घेऊ, सासूबाई म्हणतात खालीच आणा. काय करावं?

उत्तर: वहिनी, नवीन अजिबात घेऊ नका, नवीन पण हेच करंल. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, सकाळी चालते अन् दुपारी नाही. सकाळी टाकी भरलेली असते ना?

हिशोब बघा. टाकीतून येणाऱ्या पाण्याचं प्रेशर फक्त उंचीवर असते, टाकी हजार लिटरची असो की पाच हजाराची त्याचा काही संबंध नाही. पाण्याची उंची १० मीटर असली की साधारण १ बार प्रेशर मिळते. बहुतेक फ्रंट लोडला कमीत कमी ०.३ ते ०.५ बार लागते, म्हणजे मशीनच्या मागच्या तोटीपासून टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत ३ ते ५ मीटर पाहिजे. तुमची खोली १० फुटाची धरू, वर स्लॅब, स्लॅबवर सरळ टाकी ठेवलेली. मशीनला पाईप लागतो तो जमिनीपासून अडीच-तीन फुटावर. म्हणजे टाकीच्या बुडापर्यंत साडेसात-आठ फूट, टाकी तुडुंब असली तर अजून चार फूट. झाले साडेअकरा-बारा फूट, म्हणजे जेमतेम साडेतीन मीटर, ०.३५ बार. दुपारपर्यंत आंघोळी, भांडी, गुरांचं पाणी होऊन टाकी अर्ध्यावर आली की तुम्ही ०.३ च्या खाली गेल्या. मशीन ठरलेल्या वेळात पाणी भरलं नाही तर एरर देतेच, ते तिचं कामच आहे. खाली होती तेव्हा अख्ख्या मजल्याची १० फूट उंची फुकटात मिळत होती म्हणून कधी कळलं नाही.

आता उपाय, स्वस्तापासून सुरू करा. आधी नळ बंद करून मशीनच्या मागचा पाईप खोला, आत बोटाएवढी जाळी असते ती पकडीनं ओढून ब्रशनं घासा. बोअरचं पाणी असेल तर त्यात रेती अन् पांढरा थर सापडणारच, नुसत्या तेवढ्यानं पण कधीकधी काम होऊन जाते. मग प्लंबरला विचारा मशीनची लाईन कुठून काढली, बाथरूमच्या अर्ध्या इंची पाईपला चारपाच एल्बो मारून आणली असंल तर टाकीपासून पाऊण इंचाची वेगळी लाईन टाका. तरी कमी पडलं तर दोन रस्ते, टाकी स्टँडवर चार-पाच फूट उचला नाहीतर टाकीच्या आउटलेटवर छोटा प्रेशर पंप बसवा, जो नळ उघडला की आपोआप सुरू होते अन् बंद केला की थांबते. टाकी उचलायची असंल तर एक ध्यानात ठेवा, हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, ते कॉलम-बीमच्या वर आलं पाहिजे, स्लॅबच्या मधोमध विटांचे चार खांब करून त्यावर नाही, असलं काम मी गावोगाव पाहतो अन् खाली पोट्टे खेळत असतात. पंप मात्र टाकीलाच लावा, नळयोजनेच्या लाईनला नाही, शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढलं तर मशीनपेक्षा मोठं भांडण होते.

अन् तोवर, टाकी भरली की आधी कपडे लावा, गुरांना मग पाजा. सासूबाईंना सांगा खाली आणायची गरज नाही.

तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला म्हणून अजून थोडं. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या त्या पट्ट्यात, बोअरच्या पाण्यात क्षार लय. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, ५०० मिलिग्रॅमपर्यंत बरा मानतात, दुसरा स्रोत नसंल तर २००० पर्यंत चालवून घेतात, अन् पाण्याचा जडपणा २०० ला बरा, ६०० ला शेवट. तुमचं पाणी एकदा तपासून घ्या. नळाचं धरणाचं पाणी येत असंल तर मशीनला तेच द्या, बोअर बाकी कामाला. बोअरशिवाय इलाज नसंल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा किराणा दुकानातलं लिंबूसत्व शंभरेक ग्रॅम ड्रममधे टाकून ६० डिग्रीवर रिकामी मशीन चालवा, हीटरवरचा थर सुटते. त्याच्यासोबत ब्लीच कधी मिसळू नका, विषारी वायू होते.

प्रश्न (एक दादा, पुसद तालुका): आमचं घर जुनं, कडीपाटाची माडी. मुलीनं हौसेनं मशीन घेऊन दिली, खाली जागा नाही म्हणून माडीवर ठेवली. स्पिनला लागली की अख्खी माडी थरथरते, मशीन सरकत सरकत दारापर्यंत येते अन् खाली बाबा झोपलेले असतात त्यांच्या अंगावर माती पडते. रबराचे पाय आणून लावले, अजूनच नाचते. माडी पडंल का?

उत्तर: दादा, आधी बाबांची खाट तिथून हलवा, मग बाकीचं वाचा.

पहिला प्रश्न, मशीनच्या पाठीमागचे ट्रान्झिट बोल्ट काढले का? नवी मशीन येते तेव्हा मागून तीन-चार लांब बोल्ट मारून आतला ड्रम आवळलेला असते, वाहतुकीत हलू नये म्हणून. ते तसेच ठेवून चालवली तर ड्रमच्या स्प्रिंगा काही कामाच्याच राहत नाही, सगळा धक्का जमिनीत जाते. काढले नसतील तर आज काढा, भोकांना सोबतची प्लास्टिकची बुचं लावा, अन् बोल्ट फेकू नका, एका पिशवीत घालून खिळ्याला अडकवा. उद्या मशीन हलवायची झाली तर परत लावूनच हलवायची. वहिनी, तुम्ही खालून वर नेली ना, हे तुमच्यासाठी पण आहे.

काढलेले असतील तर पाय बघा. मशीनच्या वरच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर हात ठेवून आळीपाळीनं दाबा, डुगडुगली तर एक पाय हवेत आहे. पाना घेऊन पाय वरखाली करा, लेव्हल लागली की वरचं नट मशीनच्या अंगाला घट्ट आवळा, हे नट आवळायचं सगळेच विसरतात म्हणून आठ दिवसात पुन्हा नाचायला लागते. मऊ रबर काढून टाका, कडक जमिनीवर ते ठीक, पण लवचिक लाकडावर लवचिक रबर म्हणजे झुल्यावर झुला. चाकाचं स्टँड तर माडीवर आणूच नका.

आता माडीचं. फ्रंट लोड रिकामीच ६०-७० किलो भरते, कारण ती थरथरू नये म्हणून कंपनीच आत सिमेंटचे जड ठोकळे बसवून देते, वरून ओले कपडे अन् पाणी. आरसीसी स्लॅबला हे काहीच नाही, घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलोच्या हिशोबानं काढतात. कडीपाटाला वजनापेक्षा हादरा त्रास देते. १२०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला १२०० फेरे, म्हणजेच सेकंदाला २० हिसके, अन् लाकडी माडीला तसा नेमका हिसका लागला की ती सोबत डोलायला लागते. म्हणून मशीन मधोमध नको, भिंतीजवळच्या कोपऱ्यात, जिथं कड्या भिंतीत गेल्या तिथं. खाली जाड वॉटरप्रूफ प्लायवूडचा एकच सलग तुकडा टाका, दोन-तीन कड्यांवर वजन वाटलं जाईल असा. अन् त्याच्याआधी गावातल्या सुताराला कड्यांची टोकं टोचून पाहायला सांगा, भिंतीतल्या टोकाला वाळवी असंल तर मशीन खालीच, मग जागा नसली तरी. ते माती पडणं मला आवडलं नाही.

अन् स्पिन कमी करा. १२०० कशाला पाहिजे आपल्याला? ज्या देशात ऊनच नाही तिथं ठीक, आपल्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाते, दोरीवर टाकलेलं धोतर परत वळून बघेपर्यंत सुकते. ६०० नाहीतर ८०० वर ठेवा, अर्धी थरथर तिथंच जाईल. पावसाळ्यात वाढवा वाटलं तर. एकटी गोधडी कधी टाकू नका, ती पाणी पिऊन एका बाजूला गोळा होते अन् ड्रम लंगडा फिरते, मशीन समजदार असली तर स्पिनच करत नाही अन् लोक म्हणतात बिघडली. जुनी जाड गोधडी असंल तर सरळ नदीवर.

प्रश्न (एक ताई, वणी तालुका): मधेच लाईन जाते अन् कपडे पाण्यात अडकतात, दार उघडत नाही. जोरात ओढलं तर चालते का? बोर्ड साधाच आहे.

उत्तर: नाही ताई, काचेच्या अर्ध्यापर्यंत पाणी अन् तुम्ही दार ओढलं तर ते सगळं पाणी खालच्या खोलीत, तिथं कापूस ठेवलेला असंल तर विचारूच नका. लाईन आली की बहुतेक मशीन जिथून थांबली तिथून पुढं चालू करतात, वाट पाहा. घाई असंल तर प्लग काढा, मशीनच्या समोर खाली एका कोपऱ्यात छोटं झाकण असते, आत बारीक नळी असंल तर ती ताटलीत सोडून थोडंथोडं पाणी काढा, नसंल तर फिल्टर हळूच ढिला करा, पुसणं हाताशी घेऊन. पाणी गरम लावलेलं असंल तर आधी थंड होऊ द्या.

साध्या बोर्डाचं मात्र आजच बघा. पाणी गरम करणारा हीटर साधारण २००० वॅटचा, म्हणजे ९ अँपिअरच्या आसपास, अन् लहान सॉकेट ६ चं असते. मीटरपासून वर वेगळी वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, अर्थिंग. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात अन् अर्थिंगचा खड्डा कोरडा होते, एप्रिल-मेमधे त्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाकत जा. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वापर तिथंच थांबवा अन् वायरमनला बोलवा. उंदरांचं पण पाहा, काही मशीन खालून उघड्या असतात अन् धान्य असलेल्या घरात वायरी कुरतडणं नेहमीचं, खाली जाळी लावून घ्या, उंदराचं नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत.

प्रश्न (एक काकू, यवतमाळ जिल्हा): फवारणीचे कपडे मशीनमधे टाकले तर चालते का? त्यातच नातवाचे कपडे पण धुवावे लागतात.

उत्तर: काकू, हा प्रश्न तुम्ही विचारला ते लय चांगलं केलं. २०१७ च्या खरिपात तुमच्याच जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. फवारणाऱ्याबद्दल सगळे बोलले, त्याचे कपडे उघड्या हातानं धुणाऱ्या बाईबद्दल कोणी बोललं नाही. म्हणून मी म्हणीन मशीनच वापरा, पण असं. कपडे त्याच दिवशी, घराबाहेर, रबरी हातमोजे घालून वेगळ्या बादलीत दोनदा खळबळा, ते पाणी विहिरीपासून अन् गुरांच्या हौदापासून दूर टाका. मग मशीनमधे फक्त तेच, थोडेच, ६० डिग्रीवर, एक रिन्स जास्त. ते काढल्यावर पावडर टाकून एकदा रिकामी मशीन गरम पाण्यावर चालवा, त्यानंतर नातवाचे. वाळवायचे भर उन्हात, बाकीच्या कपड्यांपासून लांब. अन् डब्यातलं मूळ औषधच अंगावर सांडलं असंल तर तो सदरा धुवूच नका, टाकून द्या, कितीही नवा असो. हातमोजे पण वरून धुऊनच काढा.

प्रश्न (एक ताई, मूर्तिजापूर तालुका): मशीनला कुबट वास येते, फेस खालच्या बाथरूमच्या जाळीतून वर येते, अन् कधीकधी पाणी भरतच राहते, थांबतच नाही. हे पाणी परसबागेत सोडलं तर चालंल?

उत्तर: पाणी भरतच राहते याचं कारण बहुतेक वेळा सांडपाण्याचा पाईप जमिनीवर पडलेला असते. त्याचं तोंड जमिनीपासून दोन-तीन फूट वर पाहिजे, नाहीतर मशीन भरते अन् इकडून आपोआप उतरून जाते. भिंतीतल्या पाईपमधे घट्ट ठासला असंल तरी तसंच होते, थोडी हवा जाऊ द्या. फेसाचं, बादलीत धुवायची साधी पावडर बंद करा, फ्रंट लोडचीच घ्या, जड पाण्यात फेस येत नाही म्हणून लोक चमच्यामागून चमचा टाकतात अन् ज्या दिवशी नळाचं मऊ पाणी आलं त्या दिवशी खालचं बाथरूम ढगात. वासाला, धुणं झालं की दाराचं रबर आतून पुसा अन् दार उघडं ठेवा, लहान पोरं नसतील अशा वेळी, महिन्यातून एकदा जास्तीत जास्त गरमवर रिकामी चालवा.

परसबागेत मी नाही म्हणीन. पावडरमधल्या सोड्यानं काळी माती पत्थरासारखी आवळते, खारपाणपट्ट्यात तर आधीच ती गत आहे. शेवटच्या रिन्सचं पाणी चालंल, तेवढंच वेगळं काढता आलं तर पपईला टाका, भाजीला नको.